रंग नवा, बीड जुनं

पत्र: माझं कुडाळजवळ फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि दोन कारागीर. काम बहुतेक सागाचं आणि फणसाचं, थोडं प्लायचं. आजवर हँड कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवून दिवस काढले. आता पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे १२ इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडचं कापायचं मशीन) बघून आलोय. ‘इटालियन मशीन, फुल रिकंडिशन’ म्हणाले. किंमत १ लाख ६५ हजार. ३ एचपीची थ्री फेज मोटर रिवाइंड केलेली (आतली तार नव्याने गुंडाळलेली), बेअरिंग नवीन, टेबल आरशासारखं चकचकीत. चालू मशीनवर दहाचं नाणं उभं करून दाखवलं, पडलं नाही. कंपनीची प्लेट दिसली नाही, रंगकामात निघाली म्हणे. ब्लेडवरचं गार्ड आणि ब्लेडमागची पट्टीही नाही. ‘ती कोणी वापरत नाही, उलट अडचण होते’ म्हणाले. शनिवारपर्यंत २५ हजार टोकन दिलं नाही, तर दुसरी पार्टी उचलणार आहे. बाबा म्हणतात, जुनं मशीन दारात आणूच नको. काका, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? — एक वाचक, कुडाळ

उत्तर:

टोकन देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका. ती ‘दुसरी पार्टी’ मी गेली पस्तीस वर्षं ऐकत आलोय, आणि ती नेहमी शनिवारीच येणार असते. खरंच आली आणि घेऊन गेली, तर नेऊ द्या. मशीन दुसरं मिळेल. पंचवीस हजार परत मागायला मात्र कुडाळहून पुण्याच्या किती खेपा होतील, त्याचा हिशेब नाही.

बाबांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. जुनं मशीन जुनं आहे म्हणून वाईट नसतं. आम्ही कोल्हापूरची माणसं फाउंड्रीच्या धुरात वाढलो, त्यामुळे बिडाबद्दल, म्हणजे ओतीव लोखंडाबद्दल, थोडं बोलायचा हक्क मला आहे. ओतलेलं बीड थंड होताना आत ताण राहून जातो, आणि तो हळूहळू सुटताना कास्टिंग किंचित वाकतं. म्हणून पूर्वी चांगल्या मशीनची कास्टिंग ओतल्यावर महिनोन्‌महिने उघड्यावर पडू द्यायचे आणि मग त्यावर मशिनिंग करायचे. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या टेबलाला जे काही वाकायचं असतं, ते बहुधा वाकून झालेलं असतं. आज सरळ निघालं, तर पुढेही सरळ राहील. मुरलेल्या लोणच्यासारखंच आहे ते. प्रश्न एवढाच की तुम्हाला दाखवलेल्या बरणीत लोणचं आहे की नुसतं वरचं तेल.

‘रिकंडिशन’ या शब्दाला काही माप नाही. शेवटच्या बोल्टपर्यंत उघडून, स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा) मापून, बेअरिंग बदलून, टेबल ग्राइंड करून पुन्हा जुळवलेलं मशीनही रिकंडिशन, आणि डिझेलने धुऊन राखाडी रंग मारलेलंही रिकंडिशन. बिलावर दोघांचं नाव एकच. तेव्हा व्यापाऱ्याला ‘रिकंडिशन केलंय का’ असं विचारूच नका, ‘काय काय उघडलं’ असं विचारा. काढलेली जुनी बेअरिंगं कुठे आहेत? नव्यांचं बिल आहे का? टेबल कुठे ग्राइंड करून आणलं? खरं काम केलेला माणूस या प्रश्नांनी खुलतो, आत नेऊन जुना माल दाखवतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो, ‘साहेब, विश्वास ठेवा.’

मी स्वतः एकदा याच शब्दावर भाळलोय. हिरव्यागार रंगाचं मशीन होतं, कुठून आणलं ते सोडा. चार महिने छान चाललं. मग एक दिवस पलंगाच्या पट्ट्या ४५ अंशात कापत होतो, आणि दर पट्टीला जोड थोडा थोडा उघडा राहायला लागला. आधी वाटलं, फेन्स (लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतो ती आडवी पट्टी) सरकली असेल. ती घट्ट होती. शेवटी मशीन आडवं करून टॉर्च मारला, तर ब्लेडला तिरकं करणाऱ्या बिडाच्या ब्रॅकेटला बोटभर भेग. भेगेवर जुनं वेल्डिंग, वेल्डिंगवर पुट्टी आणि पुट्टीवर तो हिरवा रंग. ब्लेड कापता कापता हळूच खाली मान टाकत होतं. बिडाला वेल्डिंग नीट करणारे हात असतात, नाही असं नाही, पण आधी तापवून, नंतर सावकाश थंड करून केलेलं ते काम असतं. घाईत मारलेला टाका टिकत नाही. त्या मशीनला सुटा भाग मिळाला नाही, आणि ते किलोच्या भावाने गेलं.

तेव्हापासून जुनं मशीन बघताना मी दोनच खाती मांडतो: पैसे टाकून नवं होणारं, आणि पैसे टाकूनही न होणारं. बेअरिंग, बेल्ट, पुली, स्टार्टर, मोटर, फार तर फेन्स, हे पहिल्या खात्यातलं. त्यात खोट निघाली की किंमत कमी करून घ्यायची, बाकी घाबरायचं कारण नाही. टेबलाचं कास्टिंग, खालची टिल्टची, म्हणजे ब्लेड तिरकं करणारी, कास्टिंग आणि त्यांना धरणारा सांगाडा हे दुसऱ्या खात्यातलं. तिथे खोट निघाली, तर अर्ध्या किमतीतही नको. लोक नेमकं उलटं करतात. मोटर रिवाइंड केली म्हणून बिचकतात आणि टेबल चमकतंय म्हणून खूश होतात.

तुमच्या पत्रातला ‘आरशासारखं चकचकीत’ हा शब्द वाचूनच मी जरा सावध झालो. नीट सरफेस ग्राइंडिंग केलेलं टेबल आरशासारखं दिसत नाही. त्यावर एका दिशेने गेलेल्या बारीक सरळ रेघा असतात आणि चमक जराशी मवाळ असते. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून गंज काढला आणि वर बफ मारला की आरसा होतो. हाच आरसा उजेडाकडे तिरका धरून बघा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात सरळ दिसतं की पाण्यातल्यासारखं हलतं? गोल गोल चंद्रकोरीसारखे ओरखडे दिसतात का? असतील तर टेबल हाताने घासलेलं आहे, आणि हाताने घासलेल्या बिडाला खड्डे पडतातच.

पण नजरेवर जाऊ नका, मापा. ओळखीच्या टूलरूममधून एक मीटर लांबीची स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ कडेची पट्टी, मागून घ्या. तीही तपासून घ्यायची: कागदावर तिच्या कडेने रेघ ओढायची, मग पट्टी उलटवून तीच कड त्याच रेघेला लावून पुन्हा ओढायची. दोन रेघा एक झाल्या, तर पट्टी खरी. टेबलावर ती लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरा, पलीकडून कोणालातरी टॉर्च मारायला सांगा, आणि जिथे उजेड गळेल तिथे फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) पान घालून बघा. फर्निचरच्या कामाला टेबलभर ०.२५ मिलिमीटरपर्यंत चालतं. ब्लेडच्या आजूबाजूच्या वीतभर जागेत मात्र ०.१० चं पान शिरता कामा नये. बाजूचे जोडलेले पंख खालीवर असतील, तर ते शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून जुळतात, त्यावर वेळ घालवू नका.

पीळ बघायला जुन्या सुतारांची युक्ती अजून सगळ्यात स्वस्त आहे. टेबलाच्या चार कोपऱ्यांवर एका जाडीचे चार तुकडे ठेवा आणि दोन दोरे कर्णावर ताणून बांधा. मध्ये दोरे एकमेकांना जेमतेम शिवले, तर पीळ नाही. दोघांत फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर पीळ आहे. एक दोरा दुसऱ्यावरून जातो, म्हणून वरखाली बदलूनही बघायचं. पीळ दिसला, तरी लगेच काढता पाय घेऊ नका. व्यापाऱ्याची फरशी वेडीवाकडी असते, आणि एक पाय अधांतरी असला की सांगाडा टेबलालाही पिळतो. पायाखाली पाचर घाला आणि पुन्हा बघा.

टेबल ग्राइंड केलंय असं ते म्हणत असतील, तर खाचेची खोली मापा, मायटर गेज (आडवं किंवा कोनात कापताना लाकूड टेकवायचा सरकता आधार) ज्या खाचेत चालतो ती. अमेरिकी धाटणीच्या मशीनांत ती ९.५ मिलिमीटर खोल असते. तुमच्याकडच्या मशीनचं मूळ माप वेगळं असेल, पण खाच दोन्ही टोकांना आणि मध्ये मापली की कळतं. एका टोकाला ९.४ आणि दुसऱ्या टोकाला ८.६ असेल, तर टेबल तिरकं धरून ग्राइंड केलंय. आणि मायटर गेजची पट्टी खाचेतून वर डोकावत असेल, तर फारच खाल्लंय.

मग खाली वाका. मशीन तपासायला आलेला माणूस उभाच राहिला की व्यापाऱ्याला हायसं वाटतं. मागचं दार उघडून टॉर्च आत मारा. वर नवा रंग आणि आत टिल्टच्या दात्यांमध्ये ग्रीस आणि भुशाचा काळा लगदा घट्ट बसलेला असेल, तर ते मशीन कोणी उघडलेलंच नाही. स्क्रूंची डोकी बघा. खाचेत रंग भरलेला असेल, तर स्क्रू न काढताच ब्रश फिरलाय, आणि मग ‘आतली बेअरिंग बदलली’ ही गोष्ट स्क्रू न काढता कशी झाली, हे हसतमुखाने विचारा. नंतर एक छोटी हातोडी घ्या, नाहीतर स्पॅनर घ्या, आणि टिल्टच्या कास्टिंगवर, ब्रॅकेटवर, टेबलाच्या खालच्या फासळ्यांवर हलक्या टिचक्या मारत जा. आजी माठ घेताना करायची तसंच. धड बीड छोटासा का होईना, नाद देतं. भेगलेलं किंवा पुट्टी भरलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलेल, तिथला रंग नखाने खरवडायची परवानगी मागा. नाही म्हणाले, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता स्पिंडल. त्यासाठी ०.०१ मिलिमीटरचा डायल गेज आणि मॅग्नेटचा स्टँड लागेल. मेन स्विच बंद करा, प्लग काढा, ब्लेड काढा, फ्लँज (ब्लेड जिला टेकून बसतं ती चकती) कापडाने स्वच्छ पुसा. गेजचं टोक फ्लँजच्या तोंडावर, बाहेरच्या कडेजवळ लावा आणि बेल्ट हाताने ओढत स्पिंडल हळूहळू फिरवा. काटा ०.०२ मध्ये खेळला, तर उत्तम, ०.०३ पर्यंत चालवून घेऊ. एवढ्याशा आकड्याचा बाऊ का, तर फ्लँजवर तुम्ही मापताय केंद्रापासून साधारण ३५ मिलिमीटरवर, आणि तुमच्या १२ इंची ब्लेडचे दात आहेत १५० मिलिमीटरवर. म्हणजे इथला ०.०२ तिथे ०.०९ होतो. इथे ०.०६ असेल, तर दात पाव मिलिमीटर डुलतील, काप जाड आणि खडबडीत येईल, आणि दोष बिचाऱ्या ब्लेडला लागेल.

मग स्पिंडल दोन्ही हातांनी धरून वर-खाली, मागे-पुढे हलवून बघा. किंचितही टकटक नको. नवीन बेअरिंग घालूनही टकटक येत असेल, तर स्पिंडलची बेअरिंग बसायची जागाच झिजलेली आहे. इथे आपल्याकडचा एक खास जुगाड सांगतो, कारण तुम्ही कधीतरी तो बघालच. झिजलेल्या जागेवर सेंटर पंचने बारीक बारीक ठिपके मारतात. तीळभर धातू वर येतो, बेअरिंग घट्ट बसतं, मशीन गप्प होतं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलायला लागतं. स्पिंडलचं रीतसर काम म्हणजे धातू चढवून पुन्हा ग्राइंड करणं, किंवा सरळ नवं स्पिंडल. दोन्ही होतं आणि फार महागही नाही, म्हणून हे पहिल्या खात्यातलंच. पण आजच्या किमतीतून वजा व्हायला हवं. बेअरिंगचा नंबर बाहेरून दिसला, तर लिहून घ्या. ६२०५ असेल, तर आतलं भोक २५ मिलिमीटर, ६२०६ असेल, तर ३०. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं. नकली बेअरिंगचा बाजार मोठा आहे, म्हणून बिल मागायचं.

ब्लेड पुन्हा चढवून एका दाताला मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलाच्या खाचेपासून अंतर मापा, मग ब्लेड फिरवून तोच दात मागे न्या आणि तिथे मापा. तोच दात, हे महत्त्वाचं. नाहीतर ब्लेडचा बाक तुम्ही मशीनच्या माथी माराल. फरक ०.१० च्या आत हवा. हेच ब्लेड ४५ अंशात तिरकं करून पुन्हा करा. सरळ असताना बरोबर आणि तिरकं केल्यावर चुकीचं येत असेल, तर टेबल आणि टिल्टचा आस समांतर नाहीत. शिम घालून ते सुटतं, पण अर्धा दिवस खातं. फेन्सही अशीच बघा. तिचं मागचं टोक ब्लेडपासून केसभर लांब असलं तरी चालेल, ब्लेडकडे झुकलेलं अजिबात नको.

नाण्याबद्दल. ती करामत मला आवडते, लहानपणी जत्रेत बघितल्यासारखी मजा येते. त्यातून एवढंच कळतं की मोटर, पुली आणि बेल्ट फारसे थरथरत नाहीत. टेबल सरळ आहे की नाही, ब्लेड समांतर आहे की नाही, यातलं नाणं काही सांगत नाही. जड मशीनवर, रिकामं चालताना, नाणं उभं राहिलं नसतं तरच बातमी होती. नाणं घ्या आणि चहा सांगा.

रिवाइंड मोटरचा धसका घेऊ नका. आपल्याकडे व्होल्टेज जसं नाचतं, त्यात कुठली मोटर एकदा तरी जळलेली नसते? ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर न्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात एक मेगाओमहून खाली काटा आला, तर मोटर बाद धरून किंमत बोला. ताज्या वाइंडिंगला तो कितीतरी वर असायला हवा. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट एकसारखा येतो का बघा. एका फेजला दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल आणि लाइनचं व्होल्टेज तिन्हीकडे सारखं असेल, तर वाइंडिंगमध्ये गडबड आहे. ३ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण साडेचार-पाच अँपिअर घेते. कापताना सतत सात-आठ दिसत असेल, तर एकतर ब्लेड बोथट आहे, नाहीतर तारेत कंजुषी झाली आहे.

बेल्ट काढून पुलीच्या खाचेत बोट घाला. खाचेचा तळ घासून चमकत असेल, तर बेल्ट भिंतींवर बसायचा सोडून तळाला टेकतोय, म्हणजे घसरतोय. पुलीची मापंही घ्या. मोटर २८८० फेऱ्यांची, तिच्यावर ४ इंची आणि स्पिंडलवर ३ इंची पुली असेल, तर ब्लेड ३८४० फेऱ्या घेईल. हा आकडा तुमच्या ब्लेडवर छापलेल्या कमाल फेऱ्यांच्या आत आहे ना, ते बघून घ्या. जुन्या मशीनला हाताशी असेल ती पुली चढवून दिलेली मी बघितली आहे.

स्टार्टरची एक परीक्षा मात्र सोडू नका, आणि कोकणात तर नाहीच. मशीन चालू असताना मेन स्विच पाडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मेन पुन्हा चढवा. मशीन गप्प राहायला हवं. हिरवं बटण दाबेपर्यंत ते हलता कामा नये. साध्या ऑन-ऑफ स्विचवर जोडलेलं मशीन वीज आली की आपोआप सुरू होतं. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते, तुमचा कारागीर ब्लेडजवळचा तुकडा काढत असतो आणि वीज येते. एवढं चित्र पुरे. डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर बसवून घ्या, त्यात हे आपोआप सांभाळलं जातं.

आता त्या पट्टीचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात. ब्लेडच्या मागे उभी असते ती पोलादी पट्टी, रायव्हिंग नाईफ. साग निदान सरळमार्गी आहे, पण तुम्ही फणस कापता, आणि फणसाचा दाणा उलटसुलट. त्यात नीट न वाळलेला तुकडा चिरला की मागे काप मिटतो आणि ब्लेडला चिमटा बसतो. ३८४० फेऱ्यांना १२ इंची ब्लेडचे दात सेकंदाला साठ मीटर वेगाने पळत असतात, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मागचे दात वर येताना लाकूड उचलतात आणि त्याच वेगाच्या जोरावर तुमच्या पोटाकडे फेकतात. लाकडाबरोबर त्याला धरलेला हात ब्लेडवर ओढला जातो तो वेगळाच. ती पट्टी काप मिटू देत नाही. तिचं काम एवढंच, आणि तेवढं करायला दुसरं काहीही नाही.

पट्टी गेलेली असेल, तर नवीन बनवता येते. ब्लेडच्या दातांपासून ३ ते ८ मिलिमीटर अंतर, आणि जाडी ब्लेडच्या पत्र्याहून थोडी जास्त पण कापाहून कमी: काप ३.२ आणि पत्रा २.२ असेल, तर २.५ मिलिमीटरची पट्टी. बघायचं आहे ते वेगळंच. पट्टी जिथे बसते तो ब्रॅकेट जागेवर आहे का? ब्लेडबरोबर वर-खाली आणि तिरका होणाऱ्या कास्टिंगवर तो असतो. ब्रॅकेट असेल किंवा त्याची भोकं तरी शाबूत असतील, तर काम भागेल. कोणी ग्राइंडरने तो छाटून टाकला असेल, तर माझ्या मते मशीन सोडून द्या. टेबल, स्पिंडल, मोटर सगळं उत्तम असलं तरी. ‘कोणी वापरत नाही’ म्हणणाऱ्याला त्याच्या ओळखीतल्या किती सुतारांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, ते विचारा. माझ्या ओळखीत फार नाहीत.

हे सगळं पास झालं, की कापून बघा, पण त्यांच्या प्लायवर नाही. १२ मिलिमीटरचा प्लाय कुठलंही मशीन कापतं. कुडाळहून निघताना दोन इंची जाडीचा, हातभर लांब, नीट वाळलेला फणसाचा तुकडा घ्या आणि स्वतःचं धारेचं ब्लेड घ्या. आधी मशीन वीस मिनिटं रिकामं चालू द्या. बंद करून, ब्लेड थांबल्यावर, बेअरिंगच्या घरावर तळवा ठेवा. कोमट असेल तर ठीक, हात टिकत नसेल तर बेअरिंग चुकीचं बसलंय. थांबताना आवाज ऐका. चांगलं स्पिंडल सरसरत, एका सुरात विझत जातं. मग तुकडा मध्येच न थांबता एका चालीत चिरा. कापाच्या एकाच बाजूला करपलेला डाग आला, तर फेन्स किंवा ब्लेड तिरकं आहे. कापावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांच्या कमानी दिसल्या, तर मागचेही दात पुढच्यांइतकेच हलके टेकतायत. ती चांगली खूण. कमानी एकाच दिशेच्या आणि खोल असतील, तर समांतरपणाचं माप पुन्हा घ्या.

शेवटी मायटर गेज गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, त्यासाठी पाच कापांची परीक्षा करा. साधारण ४०० मिलिमीटरचा चौकोनी एमडीएफ घ्या. एक बाजू कापा, कापलेली बाजू गेजला लावून दुसरी कापा, असं चारही बाजूंनी फिरा. मग पहिल्या बाजूवरून पुन्हा इंचभर रुंदीची पट्टी काढा. या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. एका टोकाला २५.४० आणि दुसऱ्याला २५.०० आली, तर फरक ०.४०. चूक चार वेळा साठत आली आहे, म्हणून चारने भागा: ४०० मिलिमीटरला ०.१०. कपाटाच्या दारांना हे पुरेसं आहे. मोठा फरक आला, तरी गेज सरकवून जुळतो, मशीन त्यासाठी नाकारू नका. हे करताना व्यापाऱ्याचा चेहरा बघायला मिळतो, हा वरचा फायदा.

सगळी कास्टिंग धड निघाली आणि रायव्हिंग नाईफचा ब्रॅकेट जागेवर असेल, तर मी घेईन. पट्टी, गार्ड, स्टार्टर आणि स्पिंडलचं जे निघेल ते काम, यांचा खर्च कागदावर मांडून १ लाख ६५ हजारांतून वजा करीन आणि पैसे मशीन टेम्पोत चढल्यावर देईन. चढवताना पट्टा टेबलाला किंवा पंखांना लावू देऊ नका, खालच्या सांगाड्याला लावा. सरळ निघालेलं टेबल उचलताना वाकवून आणलेली माणसंही मला माहीत आहेत. कुडाळला पोचल्यावर त्याच दिवशी टेबलावर मेण चढवा, साधं पेस्ट वॅक्स. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. तुमच्याकडच्या हवेत उघड्या बिडाला जुलैतल्या एका रात्रीत तांबूस साय येते.

आणि पुण्याची गाडी पकडायच्या आधी एक फोन करा. व्यापाऱ्याला फक्त एवढंच विचारा: ब्लेडचं भोक किती मिलिमीटरचं? युरोपातल्या मशीनांना ३० चं असतं, आपल्याकडच्या बहुतेक मशीनांना २५.४ चं. तुमचं ब्लेड न्यायला हा आकडा लागणारच आहे. आणि ‘इटालियन’ मशीनचा व्यापारी २५.४ म्हणाला, तर ती प्लेट रंगकामात का निघाली, याचा अंदाज तुम्हाला कुडाळमध्येच बसून येईल.